नाझरसाहेबांचे मासे

सुचित्राबाई पुराणिक शाळेतून घरी जायला निघत तेव्हा त्यांच्यात फक्त घरापर्यंत पोचण्याएवढीच ताकद शिल्लक असे. सातवीच्या वर्गात त्रेचाळीस मुली आणि दिवसाला पाच तास, त्यांतले दोन भूगोलाचे. त्या वर्षी नगर जिल्ह्यात पाऊस नावालाच पडला होता, आणि बाई फळ्यावर गोदावरीचं खोरं काढून तिच्या उपनद्या पाठ करून घेत होत्या. त्याचं हसू येण्याचे दिवस कधीच मागे पडले होते. माळीवाड्याच्या गल्लीत वळलं, की आज नळ आला होता का आणि ह्यांनी काही खाल्लं का, एवढे दोनच प्रश्न डोक्यात उरत.

ह्यांनी म्हणजे नारायणराव पुराणिकांनी. दिवाणी कोर्टात ते नाझर होते. तीस वर्षं त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं बेलिफ सरळ उभे राहत. चौदा महिन्यांपूर्वी एका सकाळी आंघोळ करून बाहेर येताना ते उंबऱ्यातच कोसळले. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. सुरुवातीला त्यांनी धडपड केली, डाव्या हातानं खुणा केल्या, पाटीवर अक्षरं काढायचा प्रयत्न केला. मग दिवाळीच्या सुमारास एक दिवस त्यांनी पाटी बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून भिंत आणि ते. बायको समोर आली तरी मान वळेना.

डॉक्टर चांगले होते, म्हणून खरं बोलले. "बाई, औषधानं जे व्हायचं ते झालं. आता त्यांची जेवणावरची वासनाच उडालीय. माणसाला सकाळी उठून बघावंसं काहीतरी लागतं. ते नसलं, तर फार दिवस निघत नाहीत." पुढे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि बाईंनीही विचारलं नाही. घरी येऊन त्यांनी मऊ भात कालवला. चार घास गेले, पाचव्याला ओठ मिटले.

बाईंनी सगळं करून पाहिलं होतं. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं. रेडिओ उशाशी नेऊन ठेवला. शेजारच्यांनी पोपट सुचवला, पण पिंजऱ्यातला प्राणी ह्यांच्यासमोर टांगायची कल्पना त्यांना सहन झाली नाही. आणि मग फाल्गुनात, 'माझे घर' या विषयावरचे त्रेचाळीस निबंध तपासताना, भिंगारहून येणाऱ्या एका मुलीच्या वहीत त्यांना मासे सापडले. वडील लष्करात कॅप्टन, महिनाअखेरीला बदलीवर जाणार, मासे बरोबर नेता येत नाहीत म्हणून आई रडते, असं तिनं लिहिलं होतं. मुलीला त्यांनी दहापैकी सात दिले आणि रविवारी टांगा करून भिंगारला गेल्या.

कॅप्टनबाई मूळच्या बेळगावच्या, बोलायला मोकळ्या. अर्धं सामान खोक्यांत गेलेलं. उरलेल्या अर्ध्यात पाण्याच्या दोन वस्तू होत्या. एक लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत बसवलेली लांबरुंद काचेची पेटी. तिला हवेचं यंत्र, पाणी गरम ठेवायची विजेची कांडी, वर दिवा. तिच्यातले रंगीत मासे थंडीत वीज गेली त्या दिवशी मेले होते. दुसरी, टेबलावरची गोल बरणी. तिच्यात दोन सोनेरी मासे निवांत फिरत होते.

"पहिल्यांदाच ठेवताय ना? मग ही पेटी न्या," कॅप्टनबाई म्हणाल्या. "यंत्र-बिंत्र राहू दे. साधे मासे टाका. मोठ्या पाण्यात सांभाळणं सोपं जातं."

सुचित्राबाईंना हे पटलं नाही. मोठं पातेलं म्हणजे मोठी घासणी, मोठं घर म्हणजे मोठा केर, हे त्या तीस वर्षं संसार करून शिकल्या होत्या. शिवाय पेटीत दहा-बारा कळशा पाणी जाणार. नळ तीन दिवसांनी यायचा. गल्लीतल्या बायका पहाटेपासून हंडे ओळीत लावत असताना आपण दहा कळशा पाणी शोभेला ठेवायचं, हे त्यांच्याच्यानं झालं नसतं. बरणीत एक कळशी पुरत होती. "मला ही छोटीच द्या," त्या म्हणाल्या. "माझ्यात आता मोठ्याची ताकद नाही."

कॅप्टनबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. बरणी त्यांनी पैसे न घेता दिली. टांग्यात ती मांडीवर घेऊन बसताना बाईंचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं.

खाटेच्या डाव्या अंगाला, भिंतीच्या उलट बाजूला, एक स्टूल होतं. त्यावर नारायणरावांचा तांब्या-फुलपात्र असे. पाणी तांब्याच्या भांड्यातलंच प्यायचं, रात्रभर राहिलेलं, हा त्यांचा जुना नेम. आजारपणात त्यांचे सगळे नेम सुटले, पण हा एक बाईंनी चिकाटीनं चालू ठेवला होता. रोज सकाळी चिंच-मीठ लावून तांब्या लख्ख करायचा, कितीही अंग मोडून आलं तरी. तांब्या जरा सरकवून त्यांनी बरणी स्टुलावर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेल्या. भाताचं आधण ठेवून परत आल्या तर नारायणरावांचं तोंड भिंतीकडे नव्हतं.

त्या संध्याकाळी बारा घास गेले. बाईंनी मोजले.

बाई शाळेत असताना घरी दगडाबाई असे. ती जामखेडकडची, तिकडे विहिरी आटल्या म्हणून भावाकडे नगरला आलेली, आणि खडी फोडण्यापेक्षा आजाऱ्यापाशी बसणं बरं म्हणून इथे लागलेली. तिनं मासे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "बाई, मानसाला पानी न्हाई आन् तुमी मासं आनलं व्हय!" पण दुपारी तीच खाटेपाशी बसून बोट दाखवत होती, "ह्यो बगा साहेब, ह्यो लई आगाव हाय."

बाईंनी माशांची सेवा घरच्या रीतीप्रमाणे केली. पुराणिकांच्या घरात शिळं पाणी कधी ठेवलं जात नसे. सकाळी कालचं ओतायचं आणि ताजं भरायचं. तसं त्यांनी माशांचंही केलं. रोज पहाटे बरणी पूर्ण रिकामी करून, घासून, नळाचं स्वच्छ पाणी भरलं, नळ नसेल त्या दिवशी पिंपातलं. ओतलेलं पाणी तुळशीला घातलं, म्हणजे जिवाला तेवढी टोचणी कमी. पाचव्या दिवशी एक मासा उताणा तरंगला. सहाव्या दिवशी दुसरा.

नारायणरावांनी भिंतीकडे तोंड केलं. त्या संध्याकाळी दोन घास.

बाई मोरीपाशी पायरीवर बसल्या आणि आपण हे का केलं म्हणून स्वतःलाच शिव्या दिल्या. मासे आणलेच नसते तर हे दुःख झालं नसतं. डॉक्टरांनी बघायला काहीतरी द्या म्हटलं आणि आपण त्यांना दोन मरणं दाखवली. दगडाबाईनं दृष्ट लागल्याचं निदान केलं, मग म्हणाली, "माजा भाचा कानिफनाथ हिवताप खात्यात हाय. त्येंच्याकडं हौदात मासंच मासं हायेत. इचारू का त्याला?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कानिफनाथ सायकलवरून आला. पंचविशीतला, खाकी कपड्यांतला, कॅरियरला टिनचा डबा बांधलेला. डबक्या-विहिरींत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडायचे, हे त्याचं काम. त्यानं रिकामी बरणी उलटसुलट केली, पाण्याचा वास घेतला, बाईंना चार प्रश्न विचारले आणि डोकं खाजवलं.

"बाई, राग मानू नका. तुमीच मारलं त्येंला. नळाच्या पान्यात पावडर असती, ती त्येंच्या अंगाला झोंबती. आन् रोज नवं पानी? माशाला शिळंच पानी लागतं. मुरल्यालं. धा दिवसांनी तांब्या-दोन तांबे काडायचं आन् तेवडंच घालायचं. ह्ये बरनीचं तर अवघडच हाय. थोडक्या पान्यात जरा चुकलं, की लगेच जिवावर बेततं. मोठी पेटी असंल तर ती चूक पोटात घेती."

"मोठी मिळत होती," बाई म्हणाल्या. "मीच नाही घेतली."

शिळं पाणी! सासूबाई असत्या तर ह्या मुलाला त्यांनी दारातून परत लावला असता. पण बाईंनी ऐकलं. बादलीत दोन दिवस ठेवलेलं पाणी बरणीत घातलं, त्यात कानिफनाथनं आठ गप्पी सोडले. दिसायला अगदीच साधे, बोटाच्या पेराएवढे, पण एक क्षण स्वस्थ बसत नसत. नारायणरावांनी दोन दिवस भिंत धरून ठेवली. तिसऱ्या दिवशी दगडाबाईनं बातमी दिली, "साहेब वळलं हो इकडं."

पुढचा आठवडा बाईंना बरा गेला. घास वाढले. एकदा तर बरणीकडे बघताना नारायणरावांच्या तोंडाची डावी बाजू जराशी हललीही. पण त्याच दिवसांत एक नवा ताप सुरू झाला. बाई घरी येत तेव्हा चादर ओली असे. लघवीसाठी त्यांच्या हाताशी घंटा दिली होती आणि ते ती वाजवत असत. मग आता का वाजवत नाहीत? दोन दिवस बाईंनी मुकाट्यानं चादर धुतली. तिसऱ्या दिवशी शाळेत तपासणीचे साहेब येऊन गेले होते, नळ आला नव्हता, डोकं ठणकत होतं, आणि चादर पुन्हा ओली. त्या कडाडल्या, "अहो, निदान घंटा तरी वाजवायची! पाणी कुठून आणू मी रोज धुवायला?" नारायणरावांनी त्यांच्याकडे बघितलं. काहीतरी सांगायचं होतं त्यांना, पण ओठांतून नुसती हवा आली. बाईंनी चादर ओढून काढली आणि त्यांच्याकडे पाठ करून दुसरी घातली. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना स्वतःची शरम वाटली. पण उठून काही बोलावं एवढं बळ नव्हतं.

आणि गप्पी मरू लागले. आधी दोन, मग रोज एकेक. कानिफनाथ दोनदा येऊन गेला. बादली पाहिली, पिंप पाहिलं, खाणं किती घालता ते विचारलं. त्याला काही उमगेना. "बाई, गप्पी गटारीत बी जगतो. ह्यो असा मरत न्हाई. कुनी काय टाकतं का पान्यात?" कोण टाकणार? घरात दगडाबाई, जिला मासे आता पोरांसारखे झाले होते, आणि खाटेवरचा माणूस. आठांतले तीन उरले. नारायणराव भिंतीकडे वळले नव्हते, पण बरणीकडे बघण्याची तऱ्हा बदलली होती. घरातल्या आजारी मुलाकडे आपण बघतो तसं ते बघत, आणि जेवण पुन्हा आटू लागलं होतं.

शनिवारी शाळा सकाळची होती. शाळेतलं पाणी संपल्यामुळे ती आणखी तासभर आधी सुटली. बाई घरी आल्या तेव्हा दगडाबाई रोजच्यासारखी हंडा घेऊन रांगेत गेली होती आणि दार नुसतं लोटलेलं होतं. बाईंनी चपला काढल्या आणि दारातच थांबल्या.

नारायणरावांचा डावा हात तांब्यावर होता. त्यांनी तांब्या कलता केला, फुलपात्रात पाणी घेतलं. थरथरत अर्धं स्वतः प्यायले, थोडं हनुवटीवरून गळलं. मग ते फुलपात्र त्यांनी बरणीपर्यंत नेलं. वीतभर अंतर, पण त्याला किती वेळ लागला! वाटेत पाणी चादरीवर सांडलं. जे उरलं ते त्यांनी माशांना दिलं, अगदी सावकाश, काठावरून. आणि मग हात पोटावर टाकून, दमून, पाहत राहिले.

ती चादर! आपण त्यांच्यावर ओरडलो ती चादर पिण्याच्या पाण्यानं भिजत होती. दुष्काळात आपल्या वाटणीचं अर्धं पाणी हा माणूस माशांना देत होता, आणि मासे मरायला लागल्यावर जास्त जास्त देत होता. त्यांनी दाराची चौकट धरली. आत जाऊन त्यांच्या पायांशी बसावं असं वाटलं. पण त्या गल्लीत परतल्या, दगडाबाई दिसेपर्यंत थांबल्या आणि तिला म्हणाल्या, "कानिफनाथला बोलाव. आत्ता."

ऐकताच कानिफनाथनं जीभ चावली. "तांब्याचं पानी! बाई, ते माशाला ईख हाय. मानसाला चालतं, माशाला न्हाई. आन् तुमी तर चिंचंनं घासून लख्ख करता. मी खात्यात नवा हुतो, तवा घरची तांब्याची घागर घेऊन गेल्तो मासं न्यायला. जामखेडात पोचूस्तवर एक बी जिता न्हाई. साहेबांनी लई झापलं. मला आदीच इचारायला पायजे हुतं."

"त्येंला सांगू नका," तो जाताना म्हणाला. "नुसता तांब्या उचला. जिवाला लावून घेत्याल."

सोपं तेच होतं. तांब्या फुटका झाला, तांबटाकडे टाकलाय, असं सांगायचं आणि स्टीलचा गडू ठेवायचा. बाई चहाचं भांडं पुढ्यात घेऊन बराच वेळ बसल्या. चौदा महिने सगळे ह्यांच्यापासून काही ना काही लपवत होते. डॉक्टर बाहेर बोलत, पाहुणे कुजबुजत, आपणही दाराआड डोळे पुसत होतो. तीस वर्षं लोकांची खोटी कारणं ऐकलेला नाझर, त्याला तांबटाची गोष्ट सांगायची? आणि सांगितलं नाही तर? तर माशांना पाणी पाजणारा माणूस आपल्याला कळलाच नाही, असं होईल. पण सांगितल्यावर भिंत परत आली, तर ती कायमची. डॉक्टरांचे न बोललेले शब्द त्यांना पाठ होते.

त्या उठल्या आणि खाटेवर, त्यांना दिसतील अशा बसल्या.

"अहो, मी आज पाहिलं. तुम्ही माशांना पाणी देता ते." नारायणरावांचे डोळे हलले. "चादरीवरून मी तुम्हाला बोलले. माझं चुकलं. आता दुसरं ऐका. तांब्याच्या भांड्यातलं पाणी माशांना सोसत नाही. त्यानं मरतात ते. तुम्हाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. त्या मोठ्या शहाण्या कानिफनाथलाही विचारायचं सुचलं नाही. पहिले दोन मी मारले ताजं पाणी घालून. हे पाच तुमच्या हातून गेले. झालं हे असं झालं."

नारायणरावांनी डोळे मिटले. मिटलेल्या डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. बाईंनी ते पुसलं नाही. थोड्या वेळानं मान भिंतीकडे वळली. रात्री एक घासही गेला नाही. बाईंना वाटलं, आपण सत्याची हौस भागवून घेतली आणि माणूस घालवला.

पण एकदा चूक कळल्यावर ती तशीच ठेवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. रविवारी त्या पुन्हा भिंगारला गेल्या. कॅप्टनबाईंचा ट्रक दोन दिवसांनी निघणार होता. "आले मोठी मागायला," बाई म्हणाल्या. "यंत्र नको, कांडी नको. नुसती पेटी." कानिफनाथनं ती हातगाडीवरून आणली. पाण्याचा प्रश्न त्यानंच सोडवला. हिवताप खात्याच्या आवारातल्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, पिण्याच्या कामाचं नाही, म्हणून तिथे रांग नव्हती. गप्पींना मात्र ते मानवत असे. पाच खेपा करून त्यानं पेटी भरली, तळाशी धुतलेली वाळू आणि त्यांच्याच हौदातलं शेवाळ टाकलं, आणि पाणी तीन दिवस नुसतं मुरू दिलं. मग त्यात राहिलेले तीन आणि नवे वीस गप्पी सोडले. पेटी स्टुलावर मावणारी नव्हती. बाईंनी शाळेच्या वह्यांचं टेबल रिकामं करून खाटेशी लावलं. तांब्याच्या जागी स्टीलचा गडू आला.

नारायणराव वळले, पण हात पोटावरून हलला नाही. तो हात बाईंना बघवेना. मासे सुखरूप होते, पाण्यात पिल्लं दिसू लागली होती, दगडाबाई ती मोजताना रोज चुकत होती. नारायणराव नुसते बघत होते, चार-पाच घास खात होते, बास. स्वतःहून पाणीसुद्धा घेईनात. दगडाबाईला पाजावं लागे. आपण मासे वाचवले आणि त्यांचं उरलंसुरलं काम काढून घेतलं, असं बाईंच्या मनात रोज येई.

चैत्रातली ती दुपार होती. परीक्षा सुरू झालेल्या. बाई उन्हातून चालत आल्या, पिशवी खुंटीला लावली आणि नेहमीसारख्या तशाच स्वयंपाकघराकडे निघाल्या. तेवढ्यात मागे भांडं वाजलं.

नारायणरावांनी गडूला हात घातला होता. फुलपात्रात पाणी पडत होतं, थोडं चादरीवर, थोडं आत. बाई लगबगीनं पुढे झाल्या. "अहो, माशांना पुरे आहे पाणी. त्यांना नको."

हात पेटीकडे गेलाच नाही. तो खाटेच्या बाहेर आला आणि बाईंच्या पुढ्यात थांबला. नारायणराव त्यांच्या तोंडाकडे बघत होते. उन्हातून घरात आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, एवढीच ती गोष्ट होती. चौदा महिन्यांत बाईंना ते कुणी दिलं नव्हतं, आणि कुणी द्यावं हेही त्या विसरून गेल्या होत्या.

त्यांनी फुलपात्र घेतलं, खाटेच्या कडेवर बसल्या आणि सगळं पाणी प्यायल्या.